भोपळ्याची डोंगरवारी

दातांच्या डॉक्टरांना निसर्ग आवडायचा, पण खिडकीतून. चढ, ऊन, काटे ही मंडळी काचेपलीकडे राहिली तर त्यांचं कुणाशी वैर नव्हतं. पण मुलगी शिकायला परगावी गेली आणि जाताना आपला कुत्रा बापाच्या गळ्यात मारून गेली. त्याचं नाव भोपळ्या, आणि तो नावाला जागणारा होता. दोघांना सोफ्यावर शेजारी शेजारी फुगताना पाहून बायकोने शेवटी फर्मान काढलं, "रविवारी डोंगरावर जायचं. कुत्रेवाल्यांचा एक ग्रुप आहे. नाव दिलंय."

"कुणाचं?"

"दोघांचं. भोपळ्याने हरकत घेतलेली नाही."

ग्रुपचे म्होरके स्वतःला कप्तान म्हणवून घेत. कोणत्या पलटणीचे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. गळ्यात शिट्टी आणि पायाशी पुतळ्यासारखा बसलेला उंचापुरा काळा कुत्रा. पायथ्याशी त्यांनी भाषण ठोकलं. "कुत्रा आपल्याला काय शिकवतो? साथ! इथे कुणी कुणाला मागे सोडत नाही!"

टाळ्या पडल्या. डॉक्टरांचा हात मात्र अर्ध्यावरच थांबला. समोर वरच्या मजल्यावरच्या व्हायोलिनबाई उभ्या होत्या.

बाई घरी शिकवण्या घ्यायच्या. त्यांचे विद्यार्थी रोज संध्याकाळी व्हायोलिनचा जो छळ मांडत, त्यावरून डॉक्टरांनी एकदा जिन्यात विचारलं होतं, "काय हो, गंजलेली दारं येतात का शिकवणीला?" तेव्हापासून अबोला. बाईंसोबत एक लुकडी कुत्री होती, काडी. तिला पाहिलं मात्र, आणि आपल्याला पळता येतं असा शोध भोपळ्याला जन्मात पहिल्यांदा लागला.

तो शोध अर्ध्या चढापर्यंत टिकला. तिथे भोपळ्याने भर वाटेत बैठक मारली. काडी त्याला टेकून बसली. मग बाईंनाही थांबावं लागलं.

"डॉक्टर, एकासाठी ग्रुप थांबत नाही," कप्तान म्हणाले.

"पण मघाशी तुम्हीच म्हणालात..."

"ते तत्त्व. हे वेळापत्रक."

तत्त्व तिथेच ठेवून ग्रुप वर निघून गेला.

भोपळ्याच्या पंजात काटा होता. आयुष्यभर लोकांच्या तोंडात हात घालणारे डॉक्टर कुत्र्याच्या तोंडाला मात्र भ्यायचे. ते समोरच्या झुडपाकडे बघत म्हणाले, "कुणी याचं तोंड धरलं, तर बरं होईल."

"झुडूप धरेल असं वाटत नाही," बाई म्हणाल्या.

डॉक्टर बाईंकडे वळले. "बाई, धरता का?"

बाईंनी धरलं. काटा निघाला. भोपळ्याने असा गळा काढला की झाडावरचे पक्षी उठले.

"सुरात आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या पोरांपेक्षा तरी."

"म्हणजे तुम्हालाही ते ऐकवत नाही?"

"मला कान आहेत, डॉक्टर. तुम्हाला निदान मध्ये छत आहे."

डॉक्टर खो खो हसले. बाईही हसल्या आणि लगेच गाल धरून खाली बसल्या. गाल चांगलाच सुजला होता.

"दाढ? उघडा तोंड."

"इथे?"

"खुर्ची नाही, पण उजेड भरपूर आहे."

दगडावर बसून बाईंनी आभाळाकडे तोंड उघडलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही आजची नाही. एक मजला उतरून यायचं होतं फक्त!"

मग त्यांना आठवलं, की तो एक मजला चढून जायला त्यांनाही कुणी अडवलं नव्हतं. "जिन्यात बोललो ते चुकलं माझं," ते घाईघाईने म्हणाले. बाईंचं तोंड उघडंच होतं, उत्तर देता येईना. डॉक्टरांनी ते बराच वेळ मिटू दिलं नाही.

काटा निघाला तरी भोपळ्या चालेना. आजारपणाची चव लागली होती. शेवटी बाईंच्या रेनकोटची झोळी करून दोघे त्याला उचलून उतरू लागले. इतक्यात मागून कप्तानांचा कुत्रा धावत आला आणि निमूटपणे झोळीशेजारी चालू लागला. वर शिट्टीवर शिट्टी वाजत होती. त्याने कानही हलवला नाही.

घामाघूम कप्तान मागोमाग आले. "शिट्टी ऐकू येत नाही याला?"

"येते," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या तत्त्वात बसत नाही."

कप्तानांनी कुत्र्याला ओढून पाहिलं, गोंजारून पाहिलं. तो भोपळ्याला सोडून हलेना. अखेर कप्तानांनी झोळीचं एक टोक धरलं, आणि भोपळ्या पालखीतल्या राजासारखा खाली आला. गाड्या दिसताच मात्र टुणकन उडी मारून दुडदुडत पळाला.

शिस्तभंगाबद्दल डॉक्टर आणि बाई दोघांची नावं त्याच संध्याकाळी ग्रुपमधून कमी झाली. दुसऱ्या दिवशी बाईंची दाढही गेली.

पुढच्या रविवारी डॉक्टर स्वतःहून उठले. बायको चकित. "आता कुणाबरोबर?"

तेवढ्यात दार वाजलं. काडीला घेऊन उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "चला, डॉक्टर. भोपळ्याला न्याहारी देऊ नका. माझी कंबर अजून धरलीये."