कोटाच्या आतला बोकड

मित्रांनो, मी रबराचा एक जुना बोकड आहे. हसताय काय? अमेरिकेतल्या बरबँकच्या स्टुडिओत मी चक्क सिनेमात काम केलंय! फक्त पडद्यावर मी कुणाला दिसलेलो नाही.

पिकल्स नावाचा कार्टून बोकड तिथल्या आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांचा लाडका. एका विनोदी चित्रपटात तो खऱ्या माणसांबरोबर दिसणार होता. पण पिकल्स पडला कागदावरचा, चित्रीकरणाला येणार कसा? म्हणून मला साच्यात ओतलं. तालमीत नटांनी माझ्याकडे बघून बोलायचं. मग चित्रीकरणाच्या वेळी मला तिथून उचलून बाजूला ठेवायचं आणि रिकाम्या जागेशी तस्संच बोलायचं. पिकल्सचं चित्र तिथे नंतर बसणार.

सगळ्यांना जमलं, पण आठ वर्षांच्या ओपलला काही केल्या जमेना. वाढदिवसाचा केक पळवणाऱ्या पिकल्सला तिने रागवायचं आणि मग मिठी मारायची. मी असलो की झकास! मला उचललं की तिची नजर थेट मागच्या भिंतीवर.

"ओपल बाळा, तू भिंतीला रागावतेयस," दिग्दर्शक व्हिक वैतागले. "बोकड इथे आहे, इथे!"

"पण तो नाहीये ना तिथे!"

"नसला तरी आहे असं बघायचं. त्यालाच अभिनय म्हणतात."

"मग तुम्ही दाखवा करून."

व्हिकनी करून दाखवलं. कॅमेरावाला खो खो हसत म्हणाला, "साहेब, तुम्हीपण भिंतीलाच मिठी मारताय!"

व्हिकना मात्र हसू आलं नाही. "उद्या दुसरी मुलगी बोलवा," ते म्हणाले. ओपलने माझा कान घट्ट धरला. रडली नाही, पण सोडेचना.

पिकल्सची चित्रं काढणाऱ्या इडाबाई कोपऱ्यात सँडविच खात होत्या. "अहो, मग ठेवा की बोकडाला तिथेच," त्या म्हणाल्या.

"आणि हे रबर?" व्हिक म्हणाले. "तुमचा पिकल्स काडीसारखा, हा भोपळ्यासारखा. चित्राच्या बाहेर दिसेल!"

"पिकल्सच्या अंगावर जाडजूड कोट रंगवते मी. केक आत लपवलाय, म्हणून फुगलाय गडी. रबर झाकलं की झालं."

कॅमेरा सुरू झाला आणि ओपलने मला असं झापलं, असं झापलं, की मला खरंच वाटलं केक मीच पळवला! मग तिने मला मिठी मारली. व्हिक हळूच म्हणाले, "उद्या कुणाला बोलवू नका."

चित्रपट लागला. कोटातल्या पिकल्सला पाहून मुलं हसून लोटपोट झाली. पोस्टरवर पिकल्स, खाऊच्या डब्यांवर पिकल्स. मी गोदामात, खिडकीखाली. उन्हाने माझं रबर कडक झालं, पाठ तडकली. तक्रार नाही, पण मित्रांनो, जुनी खेळणी निदान सावलीत तरी ठेवत जा.

आणि तो चित्रपट कधी लागला, तर मिठीच्या वेळी पिकल्सकडे नका बघू. ओपलच्या बोटांकडे बघा. चित्रातल्या कोटात ती जिथे जाऊन थांबतात ना, तिथे मी आहे.