कोणता जेम्स फ्लेट?

"पुसा," मी म्हणालो आणि फडकं त्याच्या हातात दिलं.

ऐंशीच्या घरातला, एकेकाळी बोट चालवणारा तांडेल माझ्या बेकरीच्या मधोमध उभा होता. पँट मांड्यांपासून खाली ओली, बुटांभोवती थारोळं. बुधवारी दुकान अर्धा दिवसच असतं. मी दाराला कडी घालायच्या बेतात असताना हा आत शिरला, आणि मी पाव बांधेपर्यंतही त्याला धीर धरवला नाही. त्यानं खाली पाहिलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे.

"जिमी," तो म्हणाला, "बाहेर बोलू नकोस रे."

जिमी! चाळीस वर्षांत या माणसाच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदाच आलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो गुडघ्यांवर बसला आणि फरशी पुसू लागला. मी हाताची घडी घालून उभा राहिलो. मदत करावी असं मनात आलंच नाही, आणि आलं नाही याचा आनंदच झाला.

खरं तर त्याचंही नाव जेम्स फ्लेटच. स्कॉटलंडच्या या किनाऱ्यावर दहा घरांत मिळून दोन आडनावं सापडतात, आणि बारशाला नवं नाव काढायचं म्हणजे आजोबांचा अपमान. त्यामुळे आमच्या गावात जेम्स फ्लेट पोत्यानं भरतील. एक दीपगृहावर नोकरीला, एक ॲबर्डीनला बँकेत. एक मिशनरी होऊन आफ्रिकेत गेला आणि तिथंच तापानं मेला. एक बंदरात बोटींना वाट दाखवायचा. एकानं तर जन्मभर काहीच केलं नाही, आणि त्याच्याच मयताला सगळ्यात जास्त गर्दी झाली. मग ओळखायचं कसं? म्हणून प्रत्येकाला टोपणनाव. पोस्टमन त्यावरूनच पत्र टाकतो. ते नाव बायकोला चिकटतं, मुलांना, नातवंडांना चिकटतं. बंदरातला वाटाड्या म्हणजे 'बदक'. मिशनऱ्याच्या घरचे अजून 'आमेन'. तांडेल आणि त्याचं सगळं खानदान म्हणजे 'राजा'.

आणि मी 'ओक्या'.

हे नाव राजानंच मला दिलं. पंधराव्या वर्षी त्याच्या बोटीवर हेरिंगच्या मासेमारीला पहिल्यांदा गेलो. दर्या खवळलेला, आणि सगळ्या खलाशांसाठी शिजवलेल्या रशाच्या पातेल्यात मी भडभडून ओकलो. येताना त्याच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. "तांडेल, बंदरावर सांगू नका. हवं तर मारा, पण सांगू नका." तो मान डोलवत होता. बोट धक्क्याला लागायच्या आधीच, दोरही बांधला नव्हता, तो बोटीच्या पुढच्या टोकावर उभा राहून ओरडला, "बायांनो, आज मासे कमी! पण आपला ओक्या बघा, त्यानं पातेलं भरलंय!"

सगळा धक्का हसला. मी पुन्हा बोटीवर गेलो नाही. मावशीची बेकरी होती, तिथं पीठ मळायला लागलो. बघा, सुताराला ओक्या म्हटलं तर चालून जाईल. पण माझ्या हातचं लोक खातात! शेजारच्या गावचा माणूस विचारायचा, पाव कुणाचे? उत्तर मिळायचं, ओक्याचे. तो तोंड वाकडं करायचा. माझी लेक एल्सी शाळेतून रडत यायची.

राजालाही असंच एखादं नाव चिकटवायचं मी किती वर्षं योजत होतो. पण टोपणनाव मनात आलं म्हणून चिकटत नाही. त्याला निमित्त लागतं आणि हसणारा जमाव लागतो. आता निमित्त माझ्या फरशीवर पसरलं होतं. नावही तोंडात तयार होतं. मुत्या. दार उघडून नुसतं एकदा म्हणायचं, संध्याकाळपर्यंत गावभर.

म्हाताऱ्यानं फडकं पिळलं. आणि मला एल्सी आठवली.

मागच्याच महिन्यात तिचं राजाच्या नातवाशी, अँड्र्यूशी, ठरलं होतं. ठरल्या दिवशी स्वयंपाकघरात गिरक्या घेत म्हणाली होती, "बाबा, रागावू नका हं, पण आता मी राजाच्या घरची! सुटले एकदाची." मी रागावलो नव्हतो. माझ्यापासूनच ती सुटली होती, तरी मला बरंच वाटलं होतं. आता राजाचा मुत्या झाला तर एल्सी मुत्याची होणार, तिची पोरं मुत्याची. चाळीस वर्षांनी हातात सुरी आली ती अशी, की घाव माझ्याच लेकीला बसावा. मला त्या म्हाताऱ्याचा जास्तच राग आला.

पण हे त्याला कुठं ठाऊक होतं? तो भेदरून माझ्याकडे पाहत होता.

"सांगणार नाहीस ना?"

"बघू," मी म्हणालो.

माझी पिठानं भरलेली पँट त्याला दिली आणि मागच्या दारानं वाटेला लावलं.

तो 'बघू' मी चांगला पुरवून वापरला. शनिवारी दुकान भरलेलं असायचं आणि राजा नेमका तेव्हाच यायचा, मी बोललो की नाही ते लोकांच्या तोंडावर वाचायला. मी मोठ्यानं म्हणायचो, "काय तांडेल, सांगू का यांना ती गंमत?" बाया माना वळवायच्या. त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. मग मी म्हणायचो, "आज नको, पाव गार होतील."

माझी बायको मार्जरी एकदा म्हणाली, "का हो छळता त्या म्हाताऱ्याला?"

"छळतोय कुठं? पाव विकतोय."

"तुमचं तोंड बघा आरशात. मांजरानं उंदीर धरल्यासारखं झालंय."

लग्नात मुलीचा बाप म्हणून मी बोलायला उभा राहिलो. "राजाच्या घराण्याबद्दल," मी सुरुवात केली, "मला एक गोष्ट माहीत आहे..." आणि पाणी प्यालो. सावकाश. समोर म्हाताऱ्यानं टेबलाची कड धरली. "...ती म्हणजे, ही माणसं पोरीला सुखात ठेवतील." टाळ्या पडल्या. राजानं डोळे मिटून घेतले. खरं सांगतो, त्या रात्री मी जितका गाढ झोपलो तितका जन्मात झोपलो नव्हतो.

हिवाळ्यात तो गेला. मी बोललो नव्हतो, आणि बोलणार नाही असंही कधी म्हटलं नव्हतं. जीव टांगणीला लागलेलाच गेला. माझं समाधान व्हायला हवं होतं. पण नंतरही शनिवारी दाराची घंटा वाजली की मी वर बघायचो, आणि दुसरंच कुणी असलं की चिडायचो.

दफनाच्या आदल्या दिवशी अँड्र्यू आला होता. आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात उतरवायला आठ दोऱ्या असतात, आणि कोणती दोरी कुणाला यावरून सख्खे भाऊ बोलणं सोडतात.

"आजोबांनी पायाकडची दोरी तुम्हाला ठेवलीय," तो म्हणाला.

"मला? माझं नाव घेतलं?"

"जेम्स फ्लेट, एवढंच म्हणाले. आणि टोपणनावानं पुकारायचं नाही, असं बजावलं."

"अरे, गावात जेम्स फ्लेट काय कमी आहेत?"

"तुमच्या दुकानाकडे बोट केलं त्यांनी."

मी त्याला दोन पाव बांधून दिले. मला संताप आला होता. म्हातारा मरताना माझं नाव परत करून मोकळा झाला! मी काय त्याला माफी मागायला सांगितली होती?

थंडी बोचरी होती. सगळे पुरुष काळ्या कोटात कबरीभोवती उभे होते. शवपेट्यांचं आणि दफनाचं काम बघणारा इन्स शेजारच्या गावचा, त्याला आमच्यातलं कोणी ठाऊक नाही. तो एकेकाला पुकारून दोरी हातात देत होता. मोठा मुलगा डोक्याकडे, मग धाकटा, मग अँड्र्यू. शेवटी एकच दोरी उरली.

"जेम्स फ्लेट," इन्स म्हणाला.

आमच्यातले पाचसहा जण एकमेकांकडे पाहू लागले. बंदरातला वाटाड्या राजाचा जुना दोस्त. आपल्यालाच हाक आली असं समजून तो डोळे पुसत पुढे झाला आणि त्यानं हात पसरला. मी होतो तिथंच उभा राहिलो.

"यांना नाही," अँड्र्यू पुटपुटला.

"मग कोणता जेम्स फ्लेट?" इन्सनं विचारलं.

अँड्र्यूनं तोंड उघडलं आणि मिटलं. सासऱ्यासमोर तो शब्द त्यानं कधी उच्चारला नव्हता, आणि आजोबांनी तर बजावून ठेवलेलं. तो लालबुंद होऊन नुसता माझ्याकडे बघत राहिला. सगळा गाव थांबला होता. वाटाड्याचा हात तसाच पसरलेला.

मी टोपी काढली.

"ओक्या," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "ओक्या म्हणतात तो. मी."

कोणी हसलं नाही. वाटाड्या बाजूला झाला. इन्सनं दोरी माझ्या हातात दिली, मी ती मुठीभोवती एक वेढा घेऊन धरली, आणि आम्ही आठ जण मिळून राजाला हळूहळू खाली सोडू लागलो.