खिडकीखालची फरशी

त्या शनिवारी मिस्त्रींनी दारातच चपला काढल्या, खिशातून नाणं काढलं आणि ते थेट फरशीवर उकिडवे बसले. एजंटने त्यांच्या लेकीकडे बघून सुस्कारा सोडला. हे अकरावं घर. आधीच्या दहांतली सहा मिस्त्रींनी नापास केली होती. जी पास झाली, ती हातची निसटली होती.

घर बघायला आलात की ऑपरेशन करायला, असं एजंटने विचारलं, तेव्हा मिस्त्रींनी मानही वर केली नाही.

"नुसती नाडी बघतो. तुम्ही रंगरंगोटी करून दाखवता. आत ताप आहे का, ते आम्हाला कळायला नको?"

चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या, स्वतःच्या नावावर मात्र एक वीतभर जागा झाली नाही. बायको गेल्यावर बापलेक भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होते. आता मालकाने ती जागा विकायला काढली होती आणि दोन महिन्यांत निघायचं होतं. मिस्त्रींनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. लेकीने घर घ्यावं. ते धाकट्या भावाकडे, त्याच्या दुकानामागच्या खोलीत जातील. तुझं घर, तुझे हप्ते, त्यात म्हाताऱ्याची अडगळ कशाला, असं ते इतक्या सहज म्हणाले होते की ती भांडायचंसुद्धा विसरली.

पण तळमजलाच हवा, दोन खोल्या हव्यात, न्हाणीघराला उंबरठा नको, हे ती प्रत्येक एजंटला बजावत होती ते त्यांच्याच गुडघ्यांसाठी. त्यांना तेवढं सांगितलं नव्हतं. चार घरं हाताशी येऊन गेली होती. एका मालकाने तर सकाळी शब्द देऊन संध्याकाळी फिरवला होता. बापाला खोली दाखवायची आणि पुन्हा काढून घ्यायची, हे तिच्याने होणार नव्हतं. किल्ली हातात पडली की सांगू, असं तिने ठरवलं होतं.

मागच्या खोलीत मिस्त्री सरकत सरकत एकेक फरशी वाजवत गेले. टक, टक, टक. खिडकीखाली आवाज बदलला. ते थांबले, पुन्हा वाजवलं, मग कानामागची पेन्सिल काढून त्या फरशीवर बारीक फुली मारली.

"ही एवढी पोकळ आहे. बाकी काम झकास. कुणाचा हात होता कोण जाणे." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "ही खोली भाड्याने दे. हप्त्याला हातभार लागेल. फक्त भाडेकरूला सांग, पलंगाचा पाय या फरशीवर ठेवू नको म्हणावं. फुटेल."

तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दाराबाहेर पुढचं जोडपं ताटकळत होतं, एजंट घड्याळ बघत होता.

"बरं," ती म्हणाली.

तिच्या खांद्याचा आधार घेऊन मिस्त्री उठले. घर पास झालं म्हणून बाहेर त्यांनीच चहा पाजला. त्यांचं बिस्किट नेहमीसारखं कपात पडलं, नेहमीसारखंच त्यांनी ते चमच्याने काढून खाल्लं.

सोमवारी सकाळी मालकाचा होकार आला. तिने ऑफिसातून घरी फोन लावला, तो शेजारणीने उचलला. मिस्त्री दाढी करता करता बेसिनपाशी कोसळले होते. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

काका आले. दादासाठी खोली रंगवून ठेवली होती, म्हणाले. रंग बघायला ये म्हटलं की येतो येतो म्हणायचा; आलाच नाही कधी. जुनी जागा सोडायचीच होती, म्हणून ती नव्या घराच्या कागदांवर सांगितल्या ठिकाणी सह्या करत गेली.

सामान आणलं त्या दिवशी हमालांनी मिस्त्रींचा पलंग मागच्या खोलीत नेला आणि खिडकीखाली टेकवला.

"तिथे नको," ती म्हणाली. "हातभर अलीकडे घ्या."

इथे कोण झोपणार, असं एकाने सहज विचारलं. तिने त्याला पाणी दिलं.

हमाल गेल्यावर ती फरशीवर बसली. फुली अजून होती. पर्समधून तिने त्यांचं नाणं काढलं आणि वाजवून पाहिलं. शेजारच्या फरश्या ठणठणीत होत्या. ही तेवढी पोकळ. त्यांनी सांगितली होती तशीच.

"बाबा," ती म्हणाली. रिकाम्या खोलीत आवाज मोठा वाटला, तरी तिने तो खाली आणला नाही. "भाडेकरू नव्हताच कधी. ही खोली तुमची होती."