लांब रॉड

इंजिन बांधताना मी एकच गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात बसवत आलोय. पिस्टनला खालून धरणारा कनेक्टिंग रॉड जितका लांब, तितका पिस्टनवरचा आडवा ताण कमी आणि इंजिनाचं आयुष्य जास्त. रॉडची लांबी भागिले स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव! गॅरेजात मला ‘भागाकार’ म्हणतात आणि मला ते आवडायचं, इतका मी शहाणा.

ताईच्या शर्यतीच्या गाडीला टर्बो बसवताना मी स्ट्रोकही वाढवला. स्ट्रोक वाढला की भागाकार घसरतो, म्हणून मिळेल तितका लांब रॉड मागवला. हे सगळं ज्यात मावायचं त्या इंजिनाच्या ब्लॉकची उंची मात्र तेवढीच. मग पिस्टन बुटका करावा लागतो आणि दाब अडवणाऱ्या त्याच्या रिंगा माथ्याजवळ दाटीवाटीनं बसतात.

ट्यूनिंग दाजींकडे होतं. हवा किती, पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे ते ठरवतात. त्यांनी पिस्टन हातात फिरवून पाहिला.

“दोन रिंगांमधली ही भिंत फार पातळ नाही का? टर्बोचा दाब हिच्यावरच येणार.”

“दाजी, तुम्ही लॅपटॉप सांभाळा,” मी म्हणालो.

पहिल्याच शर्यतीत ताईची गाडी निळा धूर ओकत थांबली. मी लगेच सगळ्यांसमोर तोंड सोडलं. “ठिणगी लवकर दिली असणार! माझं इंजिन असं जात नाही!” दुसऱ्या दिवशी दाजींनी हातातल्या गाड्या मालकांना परत केल्या. बायकोचं इंजिन जाळणाऱ्यानं लोकांच्या इंजिनांना हात लावू नये, असं म्हणाले म्हणे.

आज इंजिन उघडलं. ठिणगी चुकली असती तर पिस्टनच्या माथ्यावर टोचल्यासारखे खड्डे पडले असते. माथा स्वच्छ होता. सिलिंडरवर ओरखडासुद्धा नव्हता. लांब रॉडनं आपलं काम चोख केलं होतं. तुटली होती ती फक्त रिंगांमधली भिंत. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण कोणाचं, तर सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचं.

मी पिस्टन फडक्यात गुंडाळला. हो, लपवायलाच. भंगाराचा डबा हाताशी होता.

“आत येऊ का?” दारातून दाजींनी विचारलं. माझ्या गॅरेजात आजवर न विचारता थेट आत येणारा माणूस परवानगी मागत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फडकं सोडून मी पिस्टन त्यांच्या हातात दिला. “तुमचं काही चुकलं नव्हतं, दाजी. भागाकार मोठा यावा म्हणून भिंत मी पातळ केली. तुम्ही सांगितलं होतंत.”

त्यांनी एक सणसणीत शिवी द्यावी अशी माझी फार इच्छा होती. ते पिस्टन उजेडात धरून माथ्यावरचे खड्डे शोधत राहिले.

“म्हणजे माझ्यामुळे नाही?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की, दाजी.”

ते हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. “अगं, ऐकलंस का?” ते बाहेर बघून ओरडले. “मी नव्हतो!”

ताई आत आली. तिनं आधी पिस्टन पाहिला, मग नवऱ्याचा चेहरा, मग मला. ती हसली नाही.

“शर्यतीला किती मोठ्यानं ओरडला होतास?” तिनं विचारलं. “तेवढ्याच मोठ्यानं सांग. बाहेर येऊन.”

रस्त्यापलीकडच्या गॅरेजांतले लोक हातातली कामं थांबवून बघत होते. मी दाजींकडून पिस्टन घेऊन बाहेर गेलो आणि तो उंच धरून ओरडलो, “दाजींचं काही चुकलं नव्हतं! भिंत मी पातळ केली होती!”