मुखरूभाऊंना नसलेली मावसबहीण

"आता जे सांगतो, ते तुमच्यातल्या एकालेही पटणार नाई!" असं म्हणूनच मुखरूभाऊ गोष्टीला हात घालायचे. चिचटोल्याच्या पानठेल्यावर चाळीस वर्षं हेच वाक्य, आणि चाळीस वर्षं ते खरंच ठरत आलेलं. त्यांच्या सासऱ्यानं मगरीच्या पाठीवर बसून वैनगंगा ओलांडली, हे कोणाला पटलं नाही. त्यांच्या बोकडानं वाघाला झाडावर चढवलं, हेही नाही. लोक पोट धरून हसायचे, "भाऊ, फेका तुमी!" म्हणायचे आणि वरून चहा पाजायचे.

एकदाच घात झाला. एकदाच लोकांना पटलं.

त्या एका गोष्टीपायी आज मुखरूभाऊ शाळेच्या पटांगणात, मंडपाखालच्या स्टेजवर, गळ्यात झेंडूचा हार घालून बसले होते. समोर पाच गावच्या बाया. कोणी ट्रॅक्टरनं आलेल्या, कोणी पायी. जागा मिळाली नाही त्या शाळेच्या भिंतीवर चढून बसल्या होत्या. आणि स्टेजच्या मधोमध माइक धरून प्रिया मॅडम. चंद्रपूरच्या. केस इस्त्री फिरवल्यासारखे सरळ, साडीची एकेक निरी पट्टीनं मोजून घातल्यासारखी.

"बहिणींनो, स्टाइल म्हणजे महागाची साडी नाही, स्टाइल म्हणजे अक्कल! उंची कमी असेल तर मोठ्या काठाची साडी नेसू नका, आणखी बुटक्या दिसाल. चेहरा गोल असेल तर टिकली लांबट लावा. आणि पिना दिसू देऊ नका हो, साडी नेसलीय की वाळत घातलीय?"

बाया खुदूखुदू हसल्या. इथपर्यंत मुखरूभाऊंचीही काही तक्रार नव्हती. मॅडमनं आवाज खाली आणला, तेव्हा मात्र ते गळ्यातल्या हाराची फुलं कुस्करू लागले.

"पण चेहऱ्यावर ग्लो कुठून आणाल? ग्लो आतून येतो. आत काय आहे? नजर आहे, मळ आहे, मागच्या जन्मीचं काळं आहे! आमचा मार्कंड्याचा रूपलेप ते सगळं ओढून काढतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, टॉवेलवर ठेवा!"

खुर्चीवर मुखरूभाऊंची नात दीपाली बसली होती. मॅडमनं तिच्या गालांवर केवड्याच्या वासाचा पिवळा लेप थापला, जरा वाळू दिला, पुसला. मग पितळी कळशीतल्या 'संगमाच्या पाण्यात' पांढराशुभ्र टॉवेल बुडवला आणि तिच्या पिवळ्या गालांवर दाबला. उचलला, तर लालभडक.

"आई वो!" बाया एका तोंडानं ओरडल्या.

"लाल म्हणजे मळ! मळ संपला की टॉवेल पिवळा निघतो. पिवळं म्हणजे सोनं! सरपंचांच्या सूनबाईंचं तीन बैठकींत सोनं झालं. या मुलीच्या नऊ झाल्या, तरी लालच. किती साचलं असेल बघा!"

दीपाली खाली मान घालून बसली होती. वीस दिवस ती ओढणीनं तोंड झाकल्याशिवाय घराच्या दाराबाहेर पडली नव्हती. पिवळं येईपर्यंत उन्हाची तिरीपसुद्धा अंगावर घ्यायची नाही, असा मॅडमचा नेम होता. दुसऱ्या दिवशी दहा वाजता चंद्रपूरच्या एका मोठ्या साडीच्या दुकानात तिची मुलाखत होती. फोनवरच्या बाईनं "नीटनेटक्या या" एवढंच सांगितलं होतं, आणि पोरीनं ते मनाला लावून घेतलं होतं. आता तिच्या कानाजवळची कातडी सोलवटली होती. गालांची आग व्हायची, तर मॅडम म्हणायची, "जळतंय म्हणजे निघतंय."

आणि हे सगळं सुरू केलं होतं मुखरूभाऊंनी. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत चहाच्या टपरीवर त्यांनी गोष्ट सांगितली होती : आपल्या मावसबहिणीची काळीसावळी पोर, तिनं नदीकाठची पिवळी माती तोंडाला लावली आणि ती अशी उजळली की बाप तिला ओळखेना. टपरीवरचे सगळे हसले. शेजारच्या बाकावरची एक बाई तेवढी हसली नाही. तिनं गावाचं नाव विचारून घेतलं. पंधरा दिवसांत ती रूपलेपाची पाकिटं घेऊन चिचटोल्यात हजर झाली, आणि प्रत्येक पाकिटावर मुखरूभाऊंचा फोटो!

त्यांनी कबूल करून पाहिलं नाही असं नाही. पानठेल्यावर उभं राहून सांगितलं, "मी खोटं बोललो बाप्पा! मले मावसबहीणच नाई. माझ्या मायले बहीणच नव्हती!"

सुकलू पानवाला मांडीवर थाप मारून हसला. "ऐका! भाऊनं नवीन काढली. सख्खी मावशीच गायब करून राह्यले!"

घरी दीपालीला सांगितलं. तिनं ओढणीआडून पाहिलं आणि म्हणाली, "आबाजी, आता काऊन बदलता? तुमीच तं सांगतलं होतं. आन् मी पहिल्यांदाच तुमचं खरं मानलं."

त्या दिवसापासून मुखरूभाऊंना भाकर गोड लागेना.

"अकरा दिवस आणखी!" स्टेजवर मॅडमनं लाल टॉवेल फडकवला.

"मॅडम, उद्या माझी मुलाखत आहे," दीपाली हळूच म्हणाली.

"हा मळ घेऊन जाशील? दारातूनच परत पाठवतील. जा, पण मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

दीपालीचे डोळे भरून आले. मॅडमनं टॉवेल पुन्हा कळशीत बुचकळून पिळला. चार थेंब मुखरूभाऊंच्या धोतरावर उडाले. दुपारी जेवताना तिथेच वरण सांडलं होतं. त्या पिवळ्या डागावर थेंब पडला आणि डाग पाहता पाहता लाल झाला.

मुखरूभाऊ डागाकडे पाहतच राहिले. हे धोतर काही मागच्या जन्मीचं नव्हतं. ते त्यांनी दिवाळीला घेतलं होतं.

"अवो, पाहा!" ते धोतर धरून उभे राहिले. "हे पाणी माझ्या वरणाच्या डागाले लागलं, तं तेही लाल झालं! हे सारं या पाण्यातच आहे!"

मॅडमनं दोन्ही हात जोडले. "बघितलंत? म्हाताऱ्या माणसाच्या नुसत्या कपड्यातूनही मळ निघाला! केवढी ही शक्ती! टाळ्या!"

मंडप टाळ्यांनी हादरला. मॅडमनं त्यांच्या हातात माइक दिला. "आता आजोबा आपल्या मावसबहिणीच्या मुलीची गोष्ट सांगतील. खरी घडलेली!"

मुखरूभाऊंनी माइक या हातातून त्या हातात घेतला. खरं बोललं तर लोक हसत होते. डाग दाखवला तर टाळ्या पडत होत्या. पळावं, तर समोर पाच गावं. त्यांना वाटलं, खोटं इतकं फुगवावं की फुटलंच पाहिजे. कोणीतरी "फेका भाऊ" म्हणेलच.

"ते पोर इतकी उजळली," ते म्हणाले, "का संध्याकाळी रस्त्यानं चालली, तं एसटीच्या डायवरनं गाडीचे लाइटच बंद केले!"

टाळ्या.

"चंद्रपूरले गेली, तं किल्ल्याचा दरवाजा तिले पाह्यले दोन हात पुढं सरकला!"

पुन्हा टाळ्या. एका बाईनं डोळ्याला पदर लावला. आयुष्यभर ज्या वाक्यासाठी मुखरूभाऊ गोष्टी सांगत आले, ते वाक्य नेमकं आज कोणी म्हणेना.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या अंजनाबाई दिसल्या. शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या. हात पुसून पुसून पदर कायमचा पिवळा. मुखरूभाऊंनी एकदा आपल्या धोतराकडे पाहिलं, एकदा त्या पदराकडे, आणि घसा साफ केला.

"मंग तिचं लगन ठरलं. हळद लागली. पांढरं लुगडं हळदीनं माखलं. माझ्या मावसबहिणीनं ते दगडावर घेतलं, साबण घासला, वरून धुण्याचा सोडा टाकला. आन् बायांनो, काय सांगू! हळदीचा डाग पिवळा तो पिवळाच! साबणानं रंग जराही बदलला नाई!"

टाळीला उचललेले हात हवेतच थांबले. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

"ओ भाऊ!" अंजनाबाई उठून उभ्या राहिल्या. "हे मात्र सपशेल खोटं!"

मुखरूभाऊंना हवा तो शब्द अखेर कोणीतरी उच्चारला होता. पण ते मागे हटले नाहीत. "काय खोटं, बाई?"

"हळदीच्या डागाले साबण लागला का तो लालच होते! रक्तावानी लाल! रोज धुतो मी, मले शिकवता?"

"नाई होत."

"होते म्हणतो ना!"

"माझ्या लगनातलं पातळ धुताना दगडही लाल झाला होता," मागून कोणीतरी ओरडलं. मग तर एकच गिल्ला उठला. गोष्टीतला किल्ल्याचा दरवाजा सरकला तेव्हा एकही बाई बोलली नव्हती, पण धुण्याच्या दगडावरचं खोटं त्यांना सहन होईना.

"आजोबा, विषय भलतीकडे चाललाय," मॅडम माइक ओढू लागली.

"बाई, वर ये आन् करून दाखव," मुखरूभाऊंनी माइक सोडला नाही. "साबण नाई इथी. त्या कळशीतलंच पाणी घे."

अंजनाबाई तरातरा चढून आल्या. पदराचं पिवळं टोक कळशीत बुडवलं आणि वर काढलं. लाल! "पाहा, झाला का नाई..." म्हणता म्हणता त्या थांबल्या. हातातल्या पदराकडे पाहिलं. खुर्चीवरच्या लाल टॉवेलकडे पाहिलं. मग कळशीत बोटं घालून चोळली.

"बुळबुळ लागते," त्या सावकाश म्हणाल्या. "हा तं धुण्याचा सोडा आहे वो."

मॅडमच्या खुर्चीमागे तांब्याची दुसरी कळशी होती; सरपंचांच्या सुनेच्या तिसऱ्या बैठकीला तीच पुढं आली होती. अंजनाबाईंनी पदराचं दुसरं टोक तिच्यात बुडवलं. ते पिवळंच राहिलं. त्यांनी सरपंचांच्या सुनेला हाक मारली. "तुझं सोनं या कळशीतलं होतं, बाई. साधं पाणी आहे. आन् लेपात हळद आहे, हे तं नाकानंच कळते. आपल्या पोरींच्या तोंडाले हळद लावून वरून सोडा चोळून राह्यली ही! जळन नाई तं काय!"

मॅडम पर्स शोधत होती. "हे बघा, प्रत्येकाची स्किन वेगळी..."

"बसा खाली," अंजनाबाई म्हणाल्या आणि माइककडे वळल्या. असं बोलायची त्यांना सवय नव्हती. "बायांनो, मीही टाळ्या वाजवल्या. जे रोज आपल्या हातानं धुतो, ते स्टेजवर दिसलं का देवाचं वाटलं आपल्याले. यापुढं कोनी चमत्कार दाखवला, तं एकच म्हणायचं. हे आमच्या घरी, आमच्या पाण्यानं, आमच्या हातानं करू दे. झालं तं पाहू. आन् तोंडाची आग झाली तं दवाखान्यात जायचं, मंडपात नाई."

दीपाली केव्हाच उठून शाळेच्या नळाखाली तोंड धरून बसली होती. साधं पाणी. ती पुन्हा पुन्हा ओंजळी मारत होती आणि गाल झोंबत होते. ओलं तोंड घेऊन ती भर उन्हात उभी राहिली. वीस दिवसांनी.

"सकाळची पहिली गाडी किती वाजता आहे?" तिनं विचारलं.

"सहाची," कोणीतरी म्हणालं.

मुखरूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. माइक अजून हातातच होता, आणि जुनी खोड काही जात नव्हती. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"आता जे सांगतो, ते तुमाले पटणार नाई," ते म्हणाले. "हे सोड्याचं गुपित मले पहिल्या दिवसापासूनच माईत होतं!"

"खोटं, आबाजी!" दीपाली नळावरून ओरडली.