डोंगरात टिकणारा फोन

मुळीवाल्या म्हातारीने फोन कमरेच्या उंचीवरून सरळ फरशीवर सोडून दिला.

दुकानदाराने डोळे मिटून घेतले. फोन कोपऱ्यावर आपटला, दोनदा उलटला आणि काउंटरच्या पायाशी जाऊन निजला. म्हातारीने तो उचलला, काच बाहीला पुसली आणि दाराशी जाऊन उन्हात धरली.

"मावशी, विचारून तरी टाकायचा!"

"डोंगर विचारून टाकतो होय?"

काच फुटली नव्हती. उन्हातही अक्षरं दिसत होती, जरा डोळे बारीक करावे लागत होते एवढंच. आधीचे दोन फोन तिने हातात घेऊनच परत दिले होते. एक इतका गुळगुळीत होता की ओल्या हातातून माशासारखा निसटला असता, आणि दुसरा इतका जाडजूड की त्याच्यापेक्षा पिशवीत वीट टाकून नेलेली बरी. हा तिसरा गेल्या वर्षीचा होता. कोपऱ्यांना जाड रबर, बाजूला बोटभर लांबीचं बटण, आणि खिशाला झेपेल अशी किंमत. म्हणूनच तिला त्याचा संशय येत होता.

"पाण्यात चालतो?"

"अर्धा तास बुडवून ठेवा, काही होत नाही."

"आणि झालंच तर?"

"तर... पाण्याने बिघडला तर कंपनी भरून देत नाही."

"म्हणजे पाण्यात चालतो, पण पाण्यात न्यायचा नाही."

पलीकडे म्हातारीची सून घडी घातलेला कागद उघडून उभी होती. आता तिने कागदावरून बोट फिरवत विचारलं,

"यातलं होकायंत्र खरं आहे का? स्वस्त फोनात नुसतं चित्र असतं म्हणे."

दुकानदाराने तिच्याकडे नव्याने पाहिलं. "खरं आहे, ताई. बघा, फोन फिरवला की काटा फिरतो."

"नकाशा आधी उतरवून ठेवला तर नेटवर्क नसताना चालेल?"

"चालेल. जागा उपग्रहावरून कळते, वर आकाश मोकळं हवं फक्त."

"आणि एखाद्या जागेची खूण करून ठेवता येते? पुन्हा तिथंच पोचता येईल अशी?"

"अगदी. चार पावलं इकडेतिकडे."

म्हातारीचा हात बटणावर होता तो तिथेच राहिला.

घरातून निघताना सून म्हणाली होती, फोन तुमच्यासाठी, आई. रानात एकट्या असता. मग खुणा कशाला? ज्या जागा म्हातारीला झोपेतही सापडल्या असत्या, त्यांच्या खुणा कोणाला लागणार होत्या?

चाळीस वर्षं ती डोंगरातलं कडूमूळ खणत आली होती. मूळ सगळीकडे उगवत नाही. जिथे उगवतं त्या जागा तिला तिच्या सासूने दाखवल्या होत्या, आणि त्याही एकदम नाही. वर्षाला एक, कधी दोन वर्षांनी एक. सासू पुढे चालायची आणि एका ठिकाणी दम लागल्यासारखी बसायची. 'ही जागा' असं तिने एकदाही म्हटलं नाही. ती बसली की समजायचं. दर तिसरी मुळी काढायची, मधलं मायमूळ सोडायचं, माती तळहाताने दाबायची आणि आल्या वाटेने परत जायचं नाही. सासू कडक होती, पण तिच्या पाठीमागून चालताना त्या सकाळी किती गार आणि मोकळ्या असत, ते आठवलं की म्हातारीला अजूनही पायात बळ आल्यासारखं वाटे.

घर चालत होतं ते त्या जागांवर. मुलगा दूर धरणाच्या कामावर होता. त्याचे पैसे आले तर आले. आणि मुळ्या विकत घेणारा काढेवाला हल्ली एकच धोशा लावून होता: जागा सांगा, मी माणसं लावतो, तुम्ही या वयात कशाला दमता? त्याची माणसं मायमूळ सोडणारी नव्हती. दोन वर्षांत त्यांनी डोंगर खरवडून काढला असता, आणि मग मुळीवालीला घरी बसून नुसतं नावच उरलं असतं.

मागच्या आठवड्यात याच बाजारात तिने सुनेला त्या काढेवाल्याशी बोलताना पाहिलं होतं. तो हातवारे करत होता, आणि सून मान डोलावत होती. घरी आल्यावर सुनेने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. चार दिवसांनी फोनचा विषय निघाला होता.

"हाच घेऊ या, आई?"

"घे," म्हातारी म्हणाली. "तुझ्या कागदात बसतोय ना?"

दोन दिवसांनी सून फोन घेऊन तिच्यापुढे उभी राहिली.

"आज वर जाऊन जागांच्या खुणा करून घेऊ. उद्या तुमचं काही झालं तर मी कुठे शोधायचं?"

उद्या तुमचं काही झालं तर. म्हातारीने ते शब्द विड्यासारखे तोंडात घोळवले आणि वहाणा चढवल्या.

"चल, दाखवते."

त्या दिवशी तिने सुनेला पाच जागा दाखवल्या. पाचही खोट्या. ती प्रत्येक ठिकाणी दम लागल्यासारखी बसली, खुरप्याने माती उकरली, "यंदा वर आलेलं नाही," असं तोंड पाडून म्हणाली. सून शेजारी उभी राहून फोन आकाशाकडे धरायची, थांबायची, मग बोटाने दाबायची.

"नाव काय देऊ?"

"दे काहीही. वाकड्या झाडाजवळची."

"आणि ही?"

"डबक्यावरची."

म्हातारीला मजा येऊ लागली होती. चाळीस वर्षांत ती एवढं खोटं बोलली नव्हती, आणि जमत होतं झकास. शेवटच्या जागेसाठी ती सुट्या दगडांच्या उताराखाली गेली. तिथे पाऊस झाला की वरून दगड सुटतात, म्हणून शेळ्यादेखील जात नाहीत. आणखी पुढे चालायचा कंटाळा आला होता, म्हणून ती तिथेच एका खडकाला टेकली.

"ही सगळ्यात चांगली. मोठ्या दगडाखालची."

सुनेने वर पाहिलं. उताराकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग फोनवर बोट टेकवलं.

"झालं," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दोन दिवस पाऊस लागून राहिला. म्हातारीचा गुडघा सुजून पाव झाला. तिसऱ्या सकाळी ऊन पडलं तेव्हा ती उशिराच उठली. चुलीवर चहा झाकून ठेवलेला होता. टोपली जाग्यावर नव्हती. खुरपं नव्हतं. फडताळावर ठेवलेला असे तो फोनही नव्हता.

तिने चहाचं भांडं उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

दोन दिवस पाऊस. सगळ्यात चांगली, मोठ्या दगडाखालची.

ती कशी निघाली, काठी कुठून घेतली, हे तिला नंतर सांगता आलं नसतं. खुंटीवरची पिशवी सवयीने खांद्यावर आली तेवढीच. एरवी अर्ध्या तासाची चढण. त्या दिवशी सरता सरेना. गुडघा प्रत्येक पावलाला ओरडत होता आणि ती त्याला दामटत होती. पोरगी दगडाखाली सापडली तर मुलाला काय तोंड दाखवायचं, इथपर्यंत विचार यायचा आणि ती तो तिथेच तोडायची. पिशवी खांद्याला टोचत होती, तीही तिने दुसऱ्या खांद्यावर घेतली.

उताराखाली ताजे दगड आले होते. पांढऱ्या फुटक्या कडांचे, मातीने माखलेले. ज्या खडकाला ती टेकली होती त्याच्या भोवती ढीगच झाला होता.

"अगं ए!" ती ओरडली. "सूनबाई! ए पोरी!"

वरून एक खडा गडगडत आला. बाकी काही नाही. तिने काठीने दगड ढोसले, वाकून फटीत पाहिलं. टोपली नाही, कापडाचा तुकडा नाही. ओल्या मातीत पावलं दिसली ती फक्त तिची स्वतःची.

मग तिला वाटलं, वरच्या टेकाडावरून सगळा उतार दिसेल. तिथे चढताना तिला कसलंच भान नव्हतं, आणि कड ओलांडून आत पाऊल टाकल्यावर मात्र ती जागच्या जागी थांबली. टेकाडामागच्या खोलगट जागेत, जिथे तिच्या सासूने तिला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आणून बसवलं होतं, तिथे सून उकिडवी बसली होती. एक मुळी काढत होती, दोन सोडत होती. मधलं मायमूळ जिथल्या तिथे होतं. काढलेल्या खड्ड्यावर माती लोटून तिने ती तळहाताने दाबली, नीट, दोनदा.

"आई? तुम्ही कशाला आलात या पायाने?"

म्हातारी एका दगडावर बसली. श्वास सापडायला वेळ लागला.

"ही जागा तुला कोणी दाखवली?"

"तुम्हीच. म्हणजे, दाखवली नाही. लग्नानंतर तुमची भाकरी घेऊन येत होते ना वर, तेव्हा. तुम्ही मातीत मान घालून बसलात की कोण आलं गेलं कळत नाही तुम्हाला."

"आणि फोन?"

"तुमच्या पिशवीत आहे की. सकाळीच ठेवला. जड नाही लागली?"

म्हातारीने पिशवीत हात घातला. रबराचा कोपरा हाताला लागला. तिने तो बाहेर काढला नाही.

"मग त्या पाच खुणा?"

"त्या काढेवाल्याला दिल्या. परवा. पाठ सोडत नव्हता, सोन्यासारखा भाव देतो म्हणायचा. मी म्हटलं, आधी सांगा तुमच्या माणसांकडचा कुठला फोन डोंगरात टिकतो, मग बघू. धुक्याच्या दिवशी तुम्ही दुपार उलटेपर्यंत आला नव्हतात ना, तेव्हापासून मला तुमच्याजवळ फोन हवाच होता. फोनचं नाव त्याने सांगितलं. मग त्याला काहीतरी द्यायला नको?" सून हसली. "तुम्ही खऱ्या जागा दाखवणार नाही, याची मला खात्रीच होती."

म्हातारीलाही हसू येणार होतं, ते अर्ध्यात अडलं.

"पाचही दिल्यास?"

सुनेने टोपलीतल्या मुळ्या हलवून सारख्या केल्या.

"चार. दगडाखालची पुसून टाकली. त्याची असली तरी माणसंच ती."

"कधी पुसलीस?"

"तेव्हाच. तिथे उभी होते तेव्हाच."

तिने मान वर केली नाही. म्हातारीने हातातल्या काठीची माती नखाने खरवडली, खरवडतच राहिली. खाली कुठेतरी पुन्हा एक दगड सुटला आणि बराच वेळ गडगडत गेला.

"किती जागा ठाऊक आहेत तुला?"

"आठ."

"तेवढ्याच आहेत," म्हातारी म्हणाली.

सुनेने मान डोलावली, टोपली कमरेवर घेतली आणि दुसरा हात पुढे केला. म्हातारी तो धरून उठली. आल्या वाटेने जायचं नाही, हे सांगावं लागलं नाही. सून आपणहून झाडीच्या बाजूने वळली, म्हातारीच्या गुडघ्याला झेपेल अशी हळू. म्हातारी तिच्या मागून चालत राहिली. दहा-बारा पावलं झाल्यावर ती थांबली.

"नऊ आहेत," ती म्हणाली.