नडगीतलं दुखणं

सुवर्णामावशी लग्न होऊन आमच्या नांदुऱ्याच्या घरी आली तेव्हा मी सातवीत होते. माझी आई, महामाया, काविळीनं गेली होती. त्यानंतर बाबांनी बराच काळ दुसऱ्या लग्नाचं नाव काढलं नाही. पण ते ट्रकवर ड्रायव्हर. जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरल्या की गुजरातकडं निघायचे, ते आठवडा-आठवडा परतायचे नाहीत. तोवर मी सुभद्राआत्याकडं असायचे. शेवटी आत्यानंच मेहकरजवळच्या हिवरा आश्रमाकडची ही मुलगी पाहिली आणि भावाला तयार केलं.

"हिले मावशी म्हनत जाय," बाबा म्हणाले. मी म्हणू लागले. "मावशी, मीठ संपलं." "मावशी, मी शाळेत जाते." तिला 'तुम्ही' म्हणायचे. आमचं भांडण कधी झालं नाही. भांडायला थोडी ओळख लागते, तेवढीही नव्हती.

नववीत गेले त्या वर्षी माझा उजवा पाय दुखायला लागला. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या हाडात. आधी वाटलं, शाळेत रनिंगची प्रॅक्टिस चालू होती, त्यानं असेल. प्रॅक्टिस थांबली, दुखणं थांबलं नाही. दिवसा मी लंगडत का होईना, चालायचे. झोपायची वेळ झाली की मात्र हाडाच्या आत कुणी गिरमिट फिरवतंय असं व्हायचं. आवाज जाऊ नये म्हणून मी गोधडीचं टोक दातात धरायचे. तरी मावशीला जाग यायचीच. ती पायाशी येऊन बसायची. दाबायला गेली तर मी ओरडायचे, म्हणून नुसता हात ठेवून बसायची.

गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, वाढतं वय आहे, हाडं लांबतात, कॅल्शियम द्या. कॅल्शियम झालं. खामगावला एक्स-रे काढला. त्यात काही नव्हतं. रक्त तपासलं, त्यातही नव्हतं. एकानं सांधेवात म्हटलं, एकानं जीवनसत्त्व कमी आहे म्हटलं. आत्यानं एका तेल चोळणाऱ्याकडं नेलं. त्यानं नडगी अशी रगडली की मी दोन दिवस पाय खाली टेकवू शकले नाही. दुखण्याची एक साधी गोळी होती, ती घेतली की बरं वाटायचं. पण सारख्या गोळ्या खाऊन मूत्रपिंड जातं असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मावशी जपून द्यायची.

बाबा गाडीवर असायचे, त्यामुळं या सगळ्या फेऱ्या मावशीच्याच वाट्याला आल्या. तिला नांदुरा नीट माहीत नव्हतं, तर खामगाव-बुलडाणा कुठून माहीत असणार? पण ती विचारत विचारत जायची. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, आणि मी तिच्या खांद्याला धरून.

बुलडाण्याला एका डॉक्टरांकडं गेलो तो दिवस मला नीट आठवतो. त्यांनी पाय पाहिला, ठोकून पाहिला, फोटो उजेडात धरला. मग मला बाहेर बसायला सांगितलं. दार नीट लागलं नव्हतं.

"तुम्ही हिची आई का?"

"हाव."

"सख्खी?"

मावशी म्हणाली, "मावशी म्हनते मले. हिची आई वारली."

"मग बरोबर. पायात काही नाही हिच्या. मुली या वयात मनाला लावून घेतात. घरात लक्ष नाही मिळालं की कुठंतरी दुखायला लागतं. अकोल्याला मनाचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा."

बसमध्ये मावशी खिडकीबाहेर बघत बसली. राजूर घाटात गाडी वळणं घेत उतरू लागली, तेव्हा मी तिच्या अंगावर कलत होते आणि ती मला सावरत होती. आत्याही गल्लीत हेच सांगत फिरायची, की पोरीचं मन नाही लागून राह्यलं, म्हणून नाटकं करते. आता डॉक्टरनंच सांगितलं.

"तुले वाटते का," मी विचारलं, "का मी नाटक करून राह्यली?"

पहिल्यांदाच मी तिला 'तू' म्हणाले होते. ते माझ्या लक्षात आलं नाही, तिच्या आलं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"नाटक करनारं मानूस लोकाईले दाखवून करते," ती म्हणाली. "तू तं गोधडी चावून चावून फाडून टाकली. मी शिवली नं ती, दोनदा." थोड्या वेळानं म्हणाली, "त्या डॉक्टरले काय माहीत. तो तुया पायाजवळ बसला होता का?"

मग तिनं डबा उघडला. ज्वारीची भाकर आणि कोरडं पिठलं. बस हलत होती, पिठलं सांडत होतं, आम्ही एकाच झाकणात जेवलो.

मनाच्या डॉक्टरकडं ती मला घेऊन गेली नाही. पण अकोल्याचं तिनं मनावर घेतलं. मोठं गाव, तिथं कोणीतरी असेलच. बाबांनी फोनवर विचारलं, "काऊन एवढी हिंडवून राह्यली पोरीले?" ती म्हणाली, "दुखते म्हून." आणि फोन माझ्या हातात दिला.

नांदुऱ्याहून अकोल्याला आम्ही पॅसेंजरनं जायचो. आज मी अमरावतीला नोकरी करते, गावी येताना एक्सप्रेसनं येते. जलंब, नागझरी ही स्टेशनं खिडकीतून धड वाचताही येत नाहीत. पॅसेंजर मात्र प्रत्येक ठिकाणी थांबायची. जलंबला खामगावची माणसं चढायची. शेगावला गाडी बरीच रिकामी व्हायची, आणि फलाटावरून कचोरीवाले खिडकीशी यायचे. मावशी दोन कचोऱ्या घ्यायची, हिरवी मिरची माझ्या कागदावरून उचलून आपल्या कागदावर ठेवायची. पारसच्या वीजकेंद्राची धुराडी दिसली की ती सामान आवरायला लागायची, जरी अकोला अजून लांब असायचं.

त्या गाडीत ती बोलायची. घरी न बोलणारी बाई गाडीत एवढं कसं बोलते, याचं मला नवल वाटायचं. तिच्या बोलण्यात मेहकरकडची लकब होती, मधूनच जालन्याकडचे शब्द यायचे, मी हसायचे. लहानपणी हिवरा आश्रमाच्या उत्सवाला ती आणि तिच्या मैत्रिणी जायच्या. शेतात माणसांच्या रांगाच रांगा बसलेल्या, आणि पुऱ्या, वांग्याची भाजी वाढायला ट्रॅक्टर फिरायचे. "ट्रॅक्टर?" मी विचारलं. "हाव नं, ट्रॅक्टर! मले वाटे, सगळ्याच गावी लग्नात ट्रॅक्टरनंच वाढत असतीन." ती सांगता सांगता एवढी हसली, की समोरची म्हातारीही हसायला लागली.

एकदा नागझरीच्या पुढं गाडी उगाच थांबली होती. मावशीनं विचारलं, "महामायाताई कशी होती वं?"

घरात आईचा फोटो होता, बाबासाहेबांच्या फोटोच्या शेजारी. पण तिच्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. मी विषय काढला की बाबा उठून बाहेर जायचे. आत्याचं रडणं सुरू व्हायचं. मग मीही काढायचं सोडून दिलं होतं.

"पालीले भ्यायची," मी म्हणाले.

"आणखी?"

"बाबांना 'मालक' म्हणायची. चिडवायले. मालक आले, मालकाले पानी द्या." मग एकेक आठवत गेलं. चिंचेचा कोवळा पाला ती येता-जाता तोंडात टाकायची. चौदा एप्रिलला पांढरं लुगडं नेसून मिरवणुकीत सगळ्यात पुढं गायला असायची, आणि तिचा सूर हमखास वर चढायचा, बाकीच्या बायांना गाठता यायचा नाही. भाकरी थापताना मला पाढे म्हणायला लावायची, भाकर तव्यावर पडायच्या आत पाढा संपला पाहिजे. मी कितीतरी वेळ बोलत होते. मावशी ऐकत होती, मधेमधे विचारत होती, "मंग?" गाडी केव्हा निघाली ते कळलं नाही. आई गेल्यावर एवढी आई मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळाली, असं आता वाटतं.

अकोल्यालाही पहिल्या दोन ठिकाणी काही निघालं नाही. एका दवाखान्यात रांगेत बसलेल्या खुर्शीदा नावाच्या बाईंनी सांगितलं, माझ्या मुलाचं हाड इथंच जुळलं, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना दाखवा, ते वेळ देतात. आम्ही वर गेलो. डॉक्टर साठीच्या आसपासचे, सर्दी झालेले, सारखे रुमालानं नाक पुसत होते. आधीचे फोटो त्यांनी बाजूला ठेवले आणि माझ्याशीच बोलू लागले.

"बोट ठेवून दाखव कुठं दुखतं."

मी ठेवलं.

"पूर्ण पाय नाही? एवढंच?"

"एवढंच."

"दिवसा जास्त की रात्री?"

"रात्री."

"दुखायची गोळी घेतेस? घेतल्यावर काय होतं?"

"थांबते."

"कमी होतं की थांबतं?"

"पार थांबते. दुखतच नव्हतं असं वाटते."

त्यांनी रुमाल खिशात ठेवला. माझ्या नडगीवरून अंगठा फिरवला आणि त्या जागेवर आले तशी मी पाय ओढून घेतला. "साध्या फोटोत सापडायचं नाही," ते म्हणाले. "सीटी स्कॅन करू."

स्कॅन झाला. संध्याकाळी आम्हाला आत बोलावलं. त्यांनी पडद्यावर माझं हाड दाखवलं. पांढऱ्या जाड कडेत एक बारीक काळा ठिपका होता, आणि ठिपक्यात आणखी एक पांढरा कण.

"ही गाठ आहे," ते म्हणाले.

मावशीनं माझा दंड इतका घट्ट धरला, की तिची नखं रुतली. गाठ म्हटल्यावर आमच्याकडं एकच रोग आठवतो. डॉक्टरांच्या ते ध्यानात आलं असावं.

"बाई, घाबरू नका. कॅन्सर नाही हा. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा म्हणतात. वाटाण्याहून लहान असते, पसरत नाही. पण दुखायला फार वाईट. तेवढा भाग खरवडून काढला की संपलं."

मावशी त्या ठिपक्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे साहेब, पोरगी खरंच दुखते म्हनत होती नं?"

"खरंच? मोठी माणसं रडतात याच्यानं."

तेव्हा मावशी रडली. एवढ्या फेऱ्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. पदर तोंडावर धरून, खांदे हलवत. डॉक्टर गोंधळले. "अहो, बरी होईल म्हणतोय ना मी," म्हणाले. मला मात्र कळलं होतं. नुसत्या माझ्या पायासाठी ती रडत नव्हती. 'सख्खी का' हा प्रश्न इतके दिवस तिनं सोबत वागवला होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबा वापीहून गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देऊन थेट अकोल्याला आले. आत्याही आली, मेथीचे लाडू घेऊन. तिनं मावशीच्या पुढ्यात डबा ठेवला आणि म्हणाली, "तू खाय आधी. किती वाळली." एवढंच. मावशीनं एक लाडू खाल्ला.

शुद्ध आली तेव्हा पाय प्लास्टरमध्ये होता. जखम ठणकत होती, टाके ओढत होते. पण हाडाच्या आतलं ते गिरमिट थांबलं होतं. मी बाबांना सांगितलं, "बाबा, गेलं." त्यांना वाटलं मी गुंगीत बरळते. मावशीला समजलं. त्या रात्री मी झोपले ती सकाळी चहाच्या भांड्यांच्या आवाजानं उठले. मावशी खाली सतरंजीवर बसलेली होती, डोळे लाल. मी विचारलं, झोपली नाहीस का? म्हणाली, "सवय लागली जागायची. तू काऊन उठून नाई राह्यली, म्हून पाहत होती."

प्लास्टर निघालं, मी चालू लागले, दहावीचा अभ्यास सुरू झाला. शेवटच्या तपासणीला आम्ही दोघी अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी मला कॉरिडॉरमध्ये पळून दाखवायला सांगितलं. मी पळाले. ते म्हणाले, "छान. आता यायची गरज नाही."

आम्ही दोघींनी त्यांना हात जोडले, जिना उतरलो. आनंद व्हायला हवा होता आणि झालाही होता, पण आता अकोल्याला यायचं काही कारण उरलं नव्हतं. स्टेशनवर आलो तर पॅसेंजर लागलेली. डबे अर्धे रिकामे, खिडकीची जागा सहज मिळाली असती. मी पायरीवर पाय ठेवला.

मावशी फलाटावरच उभी होती. पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "जाऊ दे नं ही. मागच्या गाडीनं जाऊ."

"मागची तं संध्याकाळी आहे."

"असू दे."

मी खाली उतरले. गाडी गेली. आम्ही बाकावर बसून डबा खाल्ला, मग चहा घेतला, मग पुलावर उभं राहून मालगाड्या पाहिल्या. मावशीनं मला विचारलं, दहावीनंतर काय शिकायचं. मी तिला विचारलं, बाबांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कसे वाटले. ती लाजली आणि सांगितलं नाही. बराच आग्रह केल्यावर म्हणाली, "कानावर केस होते." आम्ही दोघी पुलाच्या कठड्याला टेकून हसत सुटलो.

घरी पोचलो तेव्हा गल्लीतले दिवे लागले होते. बाबा ओट्यावर वाट बघत उभे.

"काऊन एवढा उशीर?"

"गाडी लेट होती," मावशी म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता चुलीकडं गेली.